चौथ्या पेटीतली जपानी गिटार

साडूच्या वास्तुशांतीला मी मठ्ठ्याचं तपेलं त्याच्याच मांडीत सोडलं. सांडलं नाही, सोडलं. या दोन्हींत फरक आहे, पण तो मला बराच नंतर कळला.

नौपाड्यातली त्यांची जुनी इमारत पाडून टॉवर झालेला, वर नवा फ्लॅट, आणि साडूची हौस अशी की बुफे वगैरे नाही, हॉलमध्ये खाली पंगत. आमच्या सासुरवाडीत पंगतीला प्रत्येक जावयाने एकेक पदार्थ वाढायचा असतो. मला मठ्ठा दिला, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं. डाव्या हातात तपेलं, उजव्या हातात ओगराळं, "मठ्ठा, मठ्ठा" करत मी ओळीने निघालो. यजमान म्हणून साडू पहिल्याच पंगतीत, सोवळं नेसून. त्याच्या पानाशी वाकलो आणि डाव्या हातातून तपेलं गेलं. निसटतंय, सावर, अशी हाताकडून काही सूचना नाही. आत्ता हातात होतं, आत्ता सोवळ्यात.

"अहो, वाढा म्हटलं होतं," साडू म्हणाला, "आंघोळ सकाळी झालीय माझी."

सासूबाई सोडून सगळे हसले. मीही हसलो. बायको पदर खोचून आली आणि म्हणाली, "अहो, ते माझ्याकडे द्या."

इथे सांगायला हवं की घरात ती मला अरे-तुरे करते. आम्ही एकाच कॉलेजातले. 'अहो' हे फक्त माहेरच्या किंवा परक्या माणसांसमोर, किंवा काहीतरी गंभीर असेल तेव्हा. तिथे माहेरची तीसेक माणसं होती, त्यामुळे मी ते अहो पहिल्या प्रकारचं धरलं. तिने तपेलं उचललं, आणि माझ्याकडे न बघता माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, चिडलीय.

"हात ओला होता गं," मी म्हणालो.

हात कोरडा ठणठणीत होता.

खरं म्हणजे वर्षभरापासून त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझ्याशी नीट बोलत नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी दोन बोटं आणून मला लावल्यासारखं वाटायचं. मुंग्या यायच्या, मी हात झटकायचो, जायच्या. हे माझ्या लक्षात यायचं ते फक्त गिटारवर. बाकी दिवसभर करंगळी लागते कुणाला?

गिटारचं सांगतो. वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, कपाटाच्या मागे, एक इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा एक छोटा अँप आहे. कॉलेजात आम्हा चौघांचा बँड होता. मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात दणदणाटी प्रकार. आणि त्यातही मी श्रेड करणारा, म्हणजे गाण्याच्या मध्यात सगळ्यांना गप्प करून एकट्याने इतक्या वेगात स्वर सोडायचे की ऐकणाऱ्याला बोटं दिसायची बंद व्हावीत. तेव्हा केस खांद्यापर्यंत होते. आता केसांचं सोडा, खांदाही अवघडतो. पण रविवारी सकाळी तासभर मी वाजवतोच. माझी मुलगी याला "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय" म्हणते आणि हेडफोन आणून देते. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी.

तर या तासाभरात वरच्या पट्टीतल्या जागा चुकायला लागल्या. करंगळी पोचायची नाही. पोचली तर दाबायची नाही. आता अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? मला माहीत नाही. मी गिटारला दोष दिला.

नेक जाडा आहे, असं मी ठरवलं. नेक म्हणजे गिटारचा लांब दांडा, जो डाव्या मुठीत धरायचा असतो. माझ्या गिटारचा मला थोडा भरीवच वाटायला लागला. आणि पातळ नेक म्हटलं की आमच्या जमातीत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट येते, ऐंशीच्या दशकातली जपानी. तेव्हा तिथल्या कारखान्यांत श्रेडवाल्यांसाठी म्हणून गिटारी बनत. नेक इतका सपाट की मुठीत लाकडी पट्टी धरल्यासारखा. चोवीस फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आणि शेवटच्या पट्टीपर्यंत हात जावा म्हणून अंगाला खोल खाच. ब्रिज, म्हणजे खालच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी, दोन धारदार कडांवर तोललेला. त्याची छोटी दांडी खाली दाबली की सूर विहिरीत पडल्यासारखा जातो आणि सोडली की नेमका होता तिथे परत येतो. कुठे फट नाही, कुठे फट बुजवायला भरलेली लांबी नाही. बनवणाऱ्याने आतल्या, कुणाला कधीच न दिसणाऱ्या खोबणीसुद्धा घासून गुळगुळीत केलेल्या असतात. अशी वस्तू पाहिली की मला आपल्या ऑफिसातल्या फायली आठवून शरम वाटते.

मग शोध सुरू झाला. माझं ऑफिस घोडबंदर रोडला. कंपनीच्या बसमध्ये डावीकडची खिडकी माझी ठरलेली. ट्रॅफिक असा की बस धक्क्याने दोन हात पुढे जाते आणि पुन्हा विचारात पडते. जाताना तास, येताना दीड तास. डावं कोपर खिडकीच्या पट्टीवर टेकवायचं, फोन डाव्या हातात डोळ्यांसमोर धरायचा, आणि उजव्या बोटाने, आधी वर्षानुवर्षं बातम्या सरकवायचो तशा, एकामागून एक जपानी गिटारी सरकवायच्या. जवळजवळ वर्षभर मी हे केलं. घरी आल्यावर सोफ्याच्या हातावर कोपर टेकवून तेच. बायको म्हणायची, "ठाण्यात बसून जपानचा सगळा माल बघून झाला असेल तुझा." मी म्हणायचो, बघायला काय जातं?

वास्तुशांतीनंतरच्या आठवड्यात जाहिरात दिसली. डोंबिवलीची. "चार जपानी गिटारी, एकाच मालकाच्या. स्वतः येऊन हात लावून बघा." किंमत वाजवी, संशय यावा इतकी वाजवी. फोन केला तर एक म्हातारासा, स्वच्छ, शांत आवाज. "या रविवारी. घाई नाही. पण तुम्हीच या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. हात तुमचा पाहिजे."

बायकोला सांगितलं, "मित्राकडे चाललोय. डोंबिवलीला."

"कुठला मित्र?"

"कॉलेजातला."

"किती गिटारी आहेत त्याच्याकडे?"

मी गाडीची किल्ली शोधत बसलो. तिने ती माझ्या उजव्या हातात दिली.

शिळफाट्याच्या अलीकडे, दोन कंटेनरच्या मध्ये, गिअर बदलताना डाव्या मुठीत गिअरचा गोळा नुसताच फिरला. तिसरा पडला नाही. मागच्या कंटेनरने जो हॉर्न मारला तो मला पाठीच्या कण्यात ऐकू आला. तळव्याने ढकलून गिअर पाडला आणि मनाशी म्हटलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकायला झालीय. आधी गिटार, मग गाडी. माझ्याभोवतीच्या सगळ्या वस्तू एकदमच बिघडत चालल्या होत्या आणि त्याचं मला काही विशेष वाटत नव्हतं.

डोंबिवलीत एका जुन्या चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ते गृहस्थ राहत. पासष्टीच्या आसपासचे, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. दार उघडून ते लगेच जाऊन खुर्चीत बसले आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र मांडीवर घेतलं. डावा हात त्या वर्तमानपत्राखाली. खोलीत पंखा, दिवाण, आणि भिंतीशी चार लांब काळ्या पेट्या ओळीने आडव्या. इतक्या सरळ ओळीत की मला उगीच जपून पाऊल टाकावंसं वाटलं.

"खटके तुम्हीच उघडा," ते म्हणाले. "डावीकडून सुरुवात करा. त्याच क्रमाने घेतल्यात मी."

पहिली उघडली. काळीभोर, जड. पेटीतून जुन्या मखमलीचा आणि गंजाचा वास आला. मी रीतीप्रमाणे गिटार डोळ्यापाशी धरून सुतार फळी बघतो तसा दांडा बघितला. सरळसोट. फ्रेट मात्र झिजलेल्या, अगदी शेवटच्या चोविसाव्या पट्टीपर्यंत छोटे छोटे खळगे. म्हणजे या माणसाने वर्षानुवर्षं खालपासून वरपर्यंत दणकून वाजवलंय. मूठ आवळली. नेक भरीव, माझ्या घरच्यासारखाच.

दुसरी लाल. नेक जरा पातळ. झीज वरच्या पट्ट्यांवर कमी.

तिसरी पांढरी, पिवळट पडलेली. नेक आणखी पातळ. वरच्या सहा पट्ट्यांवर नखाएवढाही खळगा नाही.

आणि चौथी. एकेकाळी झगझगीत गुलाबी असणार, आता गुलाबपाण्यासारखी उतरलेली. ती हातात घेतली आणि मी, पन्नाशी ओलांडलेला, मुलीच्या फीच्या पावत्या सांभाळणारा माणूस, अक्षरशः हसलो. नेक असा की मूठ मिटली तरी आत काही आहे असं वाटेना. आणि फ्रेट? कोऱ्या. कारखान्यातून आल्यासारख्या चकचकीत. जुनी गिटार घेणाऱ्याला यापरतं सुख नाही. न झिजलेल्या फ्रेट म्हणजे न वापरलेला माल, म्हणजे लॉटरी.

"ही तर तुम्ही वाजवलीच नाहीये!" मी म्हणालो.

"नाही," ते म्हणाले. "वाजवून बघा तुम्ही."

अँप लावून दिला होता. मी माझी ठेवणीतली धाव काढली, खालून वर, तीन-तीन स्वरांची. पहिली दोन बोटं सुसाट. खरोखर, त्या दांड्यावर बोटं चालत नाहीत, घसरतात. वर पोचलो, करंगळीने शेवटचा स्वर दाबायचा होता. नुसता खर्र असा आवाज आला. मी हात झटकला. पुन्हा. पुन्हा खर्र. मी हात पुन्हा झटकला आणि म्हणालो, "सवय व्हायला लागेल. माझ्या घरच्या गिटारचा नेक जाडा आहे ना."

ते गृहस्थ माझ्या हाताकडे बघत होते, आणि मला उगाच वाटलं, मी आलो तेव्हापासून ते दुसरीकडे कुठे बघतच नाहीयेत.

"दोनदा झटकलात," ते म्हणाले.

"काय?"

"करंगळी. कधीपासून?"

"अहो, मुंग्या येतात कधीतरी. वय झालं."

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यांचा डावा हात मी पहिल्यांदा बघितला. शेवटची दोन बोटं आत वळलेली, पक्ष्याच्या नखीसारखी. आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, जिथे आपल्याला मांसाचा उंचवटा असतो, तिथे खड्डा. नुसता खड्डा, आत हाडांची रेघ.

"पहिली गिटार घेतली तेव्हा हा हात धडधाकट होता," ते म्हणाले, पगारवाढीबद्दल सांगावं तसे. "मग करंगळी चुकायला लागली. मला वाटलं, नेक जाडा आहे. दुसरी घेतली. महिनाभर बरं वाटलं. नवी वस्तू आली की वाटतंच. मग तिसरी. तिसरीच्या वेळी बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, डॉक्टरला गिटारमधलं काय कळतं? चौथीसाठी वर्षभर वाट बघितली. ती मिळाली तेव्हा मला नुसती तिची पेटी उघडायलासुद्धा मुलगा बोलवावा लागला."

मी खाली बघितलं. चार पेट्या, चार दांडे, डावीकडून उजवीकडे बारीक होत गेलेले. मघाशी मला वाटलं होतं, काय रसिक माणूस आहे. त्या ओळीत पाचव्या पेटीला जागा नव्हती. तिथे भिंत लागत होती.

"ऑपरेशन केलं. उशिरा केलं. नस मोकळी झाली, पण जे गेलं ते आलं नाही," ते म्हणाले. "दाखवा जरा तुमचा हात."

मी दाखवला नाही. खरं सांगतो, मी तो पाठीमागे घेतला, शाळेत छडी चुकवताना घ्यायचो तसा.

"मी ही घेतोय," मी म्हणालो. "चौथी. आत्ता नेतो."

"आज नाही देणार. आधी तपासून या. मी ठेवतो तुमच्यासाठी."

"तुम्हाला विकायचीय की नाही?"

"विकायचीय. म्हणून तर हात बघतोय."

मला भयंकर राग आला. इतक्या लांब बोलावून, अँप लावून देऊन, वर हे. जिना उतरताना मनातल्या मनात मी त्यांना विचित्र, चक्रम, काय काय म्हटलं. गाडीत बसलो, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. समोर उन्हात दोन हात शेजारी शेजारी. आणि डाव्या अंगठ्याच्या शेजारची जागा उजव्यापेक्षा जराशी, अगदी जराशी, बसलेली दिसली. मी काच पुसून बघावं तसा तो हात पँटला पुसून पुन्हा बघितला.

घरी पोचेपर्यंत मी चौथा गिअर टाकलाच नाही.

बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, खोटं बोलून गेलेलो म्हणून आधी ते निघेल. तिने सरळ फोन उचलला आणि नौपाड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. नंबर तिला शोधावा लागला नाही, ते मला तेव्हा खटकलं नाही.

तपासणीत हाताला वायरी लावून बारीक बारीक झटके देतात आणि करंगळी उडते की नाही ते मशीनवर बघतात. मनगटाशी झटका दिला, करंगळी उडाली. कोपराच्या वर दिला, नुसती थरथरली. डॉक्टरीणबाई मशीनकडे बघत "हं" म्हणाल्या. मग पुन्हा "हं". दुसरं हं मला आवडलं नाही.

"नस कोपराला दबलीय," त्या म्हणाल्या. "कोपर टेकवून, हात दुमडून बराच वेळ काय करता? रोजचं काही?"

मी आठवायला लागलो. कीबोर्ड म्हणू? झोपायची सवय म्हणू?

"गिटारी बघतात," बायको म्हणाली. "फोनवर. बसच्या खिडकीत कोपर टेकवून जाता-येता, आणि घरी सोफ्यावर. वर्ष झालं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी वर्णन करणार नाही. वाजवून हात गेला असता तर निदान चार लोकांत सांगता आलं असतं.

कोपराला पट्टा, टेकवणं बंद, रात्री हात सरळ ठेवून झोपायचं, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. सुधारणा नसेल तर ऑपरेशन. "स्नायू थोडा उतरायला लागलाय," त्या म्हणाल्या. "किती परत येईल, आज सांगत नाही. आणखी वर्षाने आला असतात तर आजच सांगितलं असतं."

घरी येऊन मी डोंबिवलीला फोन केला. त्यांनी हॅलो वगैरे केलं नाही. "मनगट की कोपर?"

"कोपर."

"माझंही. आणि खड्डा?"

"सुरू झालाय म्हणतात."

"बरं झालं गेलात. काल कल्याणहून एक जण आला होता. तुमच्याहून लहान, चाळिशीचा. त्यानेही दोनदा झटकली."

"मग?"

"सांगितलं त्याला. हात दाखवला. तो हसला. म्हणाला, काका, मला चौथी कशाला, तिसरीचा नेक मला पुरे आहे. किती अडवणार? घेऊन गेला." पलीकडे पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. "चौथी आहे अजून. तुमची म्हणून ठेवलीय. पण हात सुधारला तर तुम्हाला ती लागायची नाही. आणि त्याचा फोन येणार आहे मला, वर्ष-दीड वर्षाने. चौथी न्यायला तो येईल."

फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. कोपराला निळा पट्टा, हात समोर सरळ, जणू कुणाला तरी थांबवतोय. कपाटामागची गिटार दिसत होती. तिचा नेक जाडा नव्हता. कधीच नव्हता. कॉलेजात तिच्यावरच मी शेवटच्या पट्टीपर्यंत जायचो.

बायकोने चहा आणला. कप ठेवला तो माझ्या उजव्या हाताशी, कान उजवीकडे वळवून. मी तो उजव्याने उचलला आणि अर्ध्यावर थांबलो. मी डावखुरा नसलो तरी चहा नेहमी डाव्या हाताने पितो. उजव्या हातात पेपर असतो. लग्न झाल्यापासून तसंच. या कपाला शेवटचा डावा हात मी कधी लावला होता, ते मला आठवेना. किल्ली आठवली. तपेलं आठवलं. डॉक्टरीणबाईंचा नंबर आठवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती समोर बसली. घरात आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"चार महिने," ती म्हणाली. "आधी दोन कप फुटले, ते तुम्ही शेजाऱ्यांच्या मांजरावर ढकललेत. तेव्हापासून सगळं मी उजव्या हातात देतेय. आणि तुम्हाला एकदाही कळलं नाही, अहो, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तुम्ही अजून एक गिटार आणली असतीत."